हार्मोन घालण्याआधी हार्मोन काढा: चरबीपेशींवर इस्ट्रोजेन-अँड्रोजेनचा परिणाम तपासण्याची रीत

‘तीन महिने झाले, इस्ट्राडायॉलचा काहीच परिणाम दिसत नाही,’ असं सांगत जी मुलंमुली येतात त्यांना मी आधी एकच विचारते: मीडियमचा रंग कोणता होता? उत्तर बहुतेक वेळा ‘लाल’ असं येतं, आणि तिथेच निम्मं निदान होतं.

हा लेख एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला ३टी३-एल१ या उंदराच्या पेशींवर लैंगिक हार्मोनचं काम करणाऱ्यांसाठी आहे. साधं सेल कल्चर येतं असं धरलं आहे. कल्चर करताना हातून चुका फारशा होत नाहीत, क्रमात होतात. ज्या डिशमध्ये आधीच थोडं इस्ट्रोजेन आहे, तिथे आणखी घालून फरक दिसणार कसा?

## टप्पा १: कोणत्या खिडकीत हार्मोन घालणार ते ठरवा

पूर्व-चरबीपेशीची चरबीपेशी होताना ठरावीक घटना ठरावीक दिवशी घडतात. म्हणून ‘हार्मोन चरबी वाढवतं का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या दिवशी घातलेलं हार्मोन, हे त्यात यायला हवं.

पहिली खिडकी पेशी वाढत असतानाची, डिश भरण्याआधीची. इथे हार्मोन पेशींची संख्या बदलू शकतं. दुसरी दिवस ० ते २: कॉकटेल (चरबीपेशी व्हायला लावणारं औषधांचं मिश्रण, टप्पा ६ पाहा) घातल्यावर पेशी एक-दोनदा विभागतात, सी/ईबीपी-बीटा आणि डेल्टा ही जीन चालू करणारी प्रथिनं चढतात, चरबीपेशी व्हायचं की नाही हे इथे ठरतं. तिसरी दिवस २ ते ८: पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा ही तशीच प्रथिनं वर येतात, चरबीचे थेंब साठू लागतात. चौथी त्यानंतरची, तयार चरबीपेशीची. तिथे प्रश्न पेशी घडण्याचा नसतो, साठवलेली चरबी किती सुटते आणि पृष्ठभागावरचे रिसेप्टर किती जागे आहेत याचा असतो.

बहुतेक जण दिवस ० ते ८ सलग हार्मोन देतात आणि शेवटी एक आकडा काढतात. त्या आकड्यात दोन्ही खिडक्यांचे परिणाम मिसळलेले असतात. निदान दुसरी आणि तिसरी खिडकी वेगळ्या वेलमध्ये ठेवा. प्लेट एक जास्त लागेल, पण गाईडच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर असेल.

तपासा: वहीत एक वाक्य लिहा: ‘मी अमुक हार्मोन, अमुक दिवसांत, अमुक मोजण्यासाठी घालत आहे.’ ते पूर्ण होत नसेल तर पेशी वितळवू नका.

## टप्पा २: पेशी

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून पेशी मागवत असाल तर पॅसेज नंबर, म्हणजे पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या ते, विचारून घ्या. शेजारच्या लॅबमधून ‘उसन्या’ आणल्या असतील तर जास्तच विचारा. ३टी३-एल१ पेशी पॅसेज वाढत गेला की चरबीपेशी होणं सोडून देतात. आल्या आल्या पाच-सहा व्हायल्स गोठवा आणि प्रत्येक प्रयोग त्याच साठ्यातून, जवळपास त्याच पॅसेजला करा.

फ्लास्क कधीही पूर्ण भरू देऊ नका. साठ-सत्तर टक्के झाल्या की उचला. शुक्रवारी संध्याकाळी ‘सोमवारी बघू’ म्हणून ठेवलेला फ्लास्क सोमवारी गच्च भरलेला असतो. दाटी झाली की थांबणाऱ्या पेशीच पुढे चांगल्या चरबीपेशी होतात. गर्दीतही वाढत राहणाऱ्या पेशी मागे राहिल्या की संपूर्ण वंश निकामी होतो. असा फ्लास्क टाकून द्या.

वाढीच्या काळात काफ (वासराचं) सीरम वापरा, फीटल (गर्भातल्या वासराचं) नको. फीटल सीरम भिन्नीकरणासाठी, म्हणजे चरबीपेशी घडवण्यासाठी, राखून ठेवायचं. ही अदलाबदल फार जण करतात आणि मग कॉकटेलला दोष देतात.

तपासा: मायकोप्लाझ्माची चाचणी. आणि हार्मोनशिवाय, नुसत्या कॉकटेलवर एक प्लेट चालवून दहाव्या दिवशी निम्म्याहून जास्त पेशींत थेंब दिसतात का ते पाहा. नाही दिसले तर पुढे जाऊच नका.

## टप्पा ३: डिशमधलं लपलेलं हार्मोन काढा

इथे घाई नको. लपून बसलेल्या हार्मोनची तीन दारं आहेत.

फिनॉल रेड. मीडियमला लाल करणारा हा रंग, त्यातल्या एका अशुद्धीमुळे, इस्ट्रोजेनसारखा वागतो. फिनॉल रेड नसलेला, जास्त ग्लुकोजचा, म्हणजे लिटरला ४.५ ग्रॅमचा डीएमईएम हा मीडियम घ्या. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा: रंगविरहित मीडियममध्ये अनेकदा ग्लुटामिन आणि पायरुवेटही नसतं, ते वेगळं घालावं लागतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी ग्लुटामिन विसरले होते. पेशी चार दिवस तशाच मलूल पडून राहिल्या, आणि मी त्याला ‘इस्ट्राडायॉलचा वाढरोधक परिणाम’ असं नावही देऊन टाकलं होतं. लॅब मीटिंगमध्ये एका सिनियरने बाटली फिरवून लेबल दाखवलं.

ट्रिप्सिनच्या बाटलीतही हाच रंग असतो. पेशी उचलल्यावर सेंट्रिफ्यूज करून ते काढून टाका.

सीरम. गाईच्या रक्तातली स्टेरॉइड्स सीरममध्ये असतातच. ती काढण्यासाठी डेक्स्ट्रान लावलेल्या कोळशाने धुतलेलं सीरम वापरतात. तयार मिळतं, परवडत असेल तर तेच घ्या. घरी करायचं असेल तर कोळशाची पूड शेवटी गाळणीतून पूर्ण गेली आहे याची खात्री करा. मायक्रोस्कोपखाली काळे ठिपके दिसले की समजायचं.

याची एक किंमत मोजावी लागते. कोळसा फक्त स्टेरॉइड उचलत नाही. थायरॉइड हार्मोन, काही मेदाम्लं आणि वाढीला लागणारे घटकही घेऊन जातो. त्यामुळे अशा सीरममध्ये चरबीपेशी कमी आणि उशिरा तयार होतात. मग मोह होतो रोझिग्लिटाझोन घालण्याचा. थेंब छान येतात, पण तो थेट पीपीएआर-गॅमाला ढकलतो आणि हार्मोनचा नाजूक फरक त्याखाली बुजून जातो. त्यापेक्षा दोन-चार दिवस जास्त द्या, आणि संपूर्ण थीसिसभर सीरमचा एकच लॉट वापरा. एकदम घेऊन ठेवायचं तर मागणीपत्रावर सही मिळवायला वेळ लागतो, तेव्हा कागद आधी फिरवा.

प्लास्टिक. पॉलिकार्बोनेटच्या भांड्यातून बिस्फेनॉल-ए सुटू शकतं, तेही इस्ट्रोजेनची नक्कल करतं. उलट पातळ केलेली स्टेरॉइड्स प्लास्टिकला चिकटतात. हार्मोनचे स्टॉक काचेच्या छोट्या व्हायलमध्येच ठेवा.

तपासा: धुतलेलं सीरम खरंच रिकामं आहे का? सर्वांत सोपी साक्ष एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशी देतात. त्या इस्ट्राडायॉलला फार संवेदनशील असतात. तुमच्या रंगविरहित मीडियममध्ये त्या मंदावल्या आणि ०.१ नॅनोमोलर इस्ट्राडायॉल घातल्यावर पुन्हा वाढू लागल्या, तर डिश स्वच्छ. हार्मोन न घालताच धावत असतील तर कुठलंतरी दार उघडं आहे.

सावध: मीडियमला रंग नसल्याने आम्लता डोळ्यांना कळणार नाही. गढूळपणा रोज पाहा, मीडियम वेळेवर बदला.

## टप्पा ४: हार्मोनचे स्टॉक

१७-बीटा इस्ट्राडायॉल घ्या. १७-अल्फा नावाचा जुळा भाऊ कॅटलॉगमध्ये शेजारीच असतो आणि त्याचं काम फार दुबळं असतं. पाण्यात विरघळणारं इस्ट्राडायॉल म्हणून मिळतं ते सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये गुंडाळलेलं असतं. ते वापरलं तर रिकामं सायक्लोडेक्स्ट्रिन कंट्रोल म्हणून लागेल, कारण ते पेशीच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल ओढतं. शिवाय त्या बाटलीतल्या पुडीचं बहुतांश वजन इस्ट्राडायॉलचं नसतं. लेबलावर ग्रॅममागे किती ते दिलेलं असतं.

हिशोब असा. इस्ट्राडायॉलचा रेणुभार २७२.४. २.७२ मिलिग्रॅम १ मिलि शुद्ध इथेनॉलमध्ये म्हणजे १० मिलिमोलर. त्यातले १० मायक्रोलिटर ९९० मध्ये टाकले की १०० मायक्रोमोलर. असंच उतरत १०, १ आणि ०.१ मायक्रोमोलरच्या व्हायल्स बनवा. प्रत्येक मात्रेची स्वतःची, हजारपट तीव्र व्हायल. मग कोणत्याही वेलमध्ये १ मिलि मीडियमला १ मायक्रोलिटरच जाईल: १ मायक्रोमोलरच्या व्हायलमधून १ नॅनोमोलर, १० च्या व्हायलमधून १०. इथेनॉल सगळीकडे ०.१ टक्के.

यात सर्रास होणारी चूक: एकाच व्हायलमधून १, १० आणि १०० मायक्रोलिटर घालणं. शेवटच्या वेलमध्ये जवळपास १० टक्के दारू जाते. पेशी गोल होऊन तरंगतात आणि ‘जास्त मात्रेत हार्मोन विषारी’ असा निष्कर्ष पोस्टरवर चढतो.

मात्रा शरीरातल्या आकड्यांजवळ ठेवा. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीत इस्ट्राडायॉल साधारण ०.१ ते १.५ नॅनोमोलरच्या पट्ट्यात फिरतं. रजोनिवृत्तीनंतर त्याखाली जातं. प्रौढ पुरुषात टेस्टोस्टेरॉन साधारण १० ते ३५ नॅनोमोलर. १० मायक्रोमोलर इस्ट्राडायॉलने मिळालेला निकाल शरीराबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. त्या मात्रेत प्रोजेस्टेरॉनसारखी स्टेरॉइड्स तर ग्लुकोकॉर्टिकॉइडच्या रिसेप्टरलाही जाऊन बसतात.

## टप्पा ५: प्लेटचा आराखडा

कागदावर बारा खाने काढा. कमीत कमी हे लागेल: कॉकटेल नाही, कॉकटेल अधिक इथेनॉल, कॉकटेल अधिक हार्मोन, कॉकटेल अधिक अवरोधक (हार्मोनचा रिसेप्टर अडवणारं औषध), आणि कॉकटेल, हार्मोन, अवरोधक तिन्ही. यातला ‘नुसता अवरोधक’ हमखास वगळला जातो. तो नसला की शेवटच्या वेलमधला फरक हार्मोन अडल्यामुळे आला की अवरोधकाच्या स्वतःच्या गुणामुळे, ते सांगता येत नाही.

इस्ट्रोजेनसाठी फुल्वेस्ट्रंट, साधारण १ मायक्रोमोलर, हार्मोनच्या तासभर आधी. टॅमॉक्सिफेन नको, ते काही ऊतींत अडवतं, काहींत स्वतःच इस्ट्रोजेन होतं. फुल्वेस्ट्रंटही निर्दोष नाही: ते ईआर-अल्फा आणि बीटा हे दोन इस्ट्रोजेन रिसेप्टर बंद करतं, पण पृष्ठभागाजवळचा जीपीईआर हा वेगळा इस्ट्रोजेन रिसेप्टर चालू करतं. परिणाम अडण्याऐवजी फुल्वेस्ट्रंटनेच वाढला तर जीपीईआरकडे बघा.

अँड्रोजेनसाठी थेट टेस्टोस्टेरॉन घालू नका, किंवा घातलं तर एकट्याने नको. चरबीच्या ऊतीत अरोमाटेज असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडायॉल करतं. मानवी पूर्व-चरबीपेशींत हे एन्झाइम ग्लुकोकॉर्टिकॉइडने वाढतं, आणि तुमच्या कॉकटेलमध्ये डेक्सामेथासोन हे ग्लुकोकॉर्टिकॉइड आहेच. म्हणजे अँड्रोजेनच्या नावाने तुम्ही इस्ट्रोजेन मोजत बसाल. डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन) वापरा, त्याचं इस्ट्रोजेन होत नाही. टेस्टोस्टेरॉन हवंच असेल तर एका ओळीत त्यासोबत अरोमाटेज अडवणारं लेट्रोझोल द्या. मानवी पेशींत डीएचटीही मोडलं जातं, त्यामुळे लांबच्या प्रयोगात दर मीडियमबरोबर ताजं लागतं. अवरोधक बायकॅल्युटामाइड. सायप्रोटेरॉन टाळा, ते दुसऱ्या रिसेप्टरांशीही खेळतं.

सावध: पूर्ण ताकदीच्या कॉकटेलवर पेशी आधीच छताला टेकलेल्या असतात. हार्मोन चरबी *वाढवेल* असा अंदाज असेल तर इन्सुलिन आणि डेक्सामेथासोन कमी करून अर्धवट भिन्नीकरणावर काम करा. *घटवेल* असं वाटत असेल, जसं डीएचटीबाबत वाटायला आधार आहे, तर पूर्ण कॉकटेल ठीक.

## टप्पा ६: दिवसवार क्रम

दिवस −४: बारा वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे सुमारे ५०,००० पेशी, काफ सीरममध्ये. प्लेट आडवी-उभी हलवा, गोल फिरवू नका. गोल फिरवली की पेशी मधोमध गोळा होतात.

दिवस −२: वेल भरलेली हवी. पीबीएसने दोनदा धुऊन रंगविरहित मीडियम आणि १० टक्के धुतलेलं सीरम घाला. हे ४८ तास दुहेरी काम करतात: पेशी दाटीत थांबतात आणि आधीचं हार्मोन उतरतं. पहिली खिडकी तपासायची असेल तर मात्र ही अदलाबदल प्लेटिंगच्या वेळीच करावी लागेल.

दिवस ०: आयबीएमएक्स ०.५ मिलिमोलर, डेक्सामेथासोन १ मायक्रोमोलर, इन्सुलिन १ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, आणि योजनेप्रमाणे हार्मोन. आयबीएमएक्स थंडीत स्फटिक धरतं. स्टॉक ३७ अंशांवर गरम करून, उजेडात धरून पाहा. तळाशी सुया चमकत असतील तर ती मात्रा वेलमध्ये पोहोचलेलीच नाही.

दिवस २: फक्त इन्सुलिन आणि हार्मोन. आयबीएमएक्स विसरून परत घालू नका.

दिवस ४ पासून: नुसतं मीडियम-सीरम आणि हार्मोन, दर ४८ तासांनी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पेशी जड आणि नाजूक होतात. मीडियम काठावरून, हळू, आणि सगळं न काढता बदला. जोरात पिपेट मारलं की पापुद्र्यासारखी अख्खी चादर उलगडून येते.

तपासा: तिसऱ्या दिवशी कॉकटेलच्या वेलमध्ये पेशी अधिक दाट दिसायला हव्यात. पाचव्या दिवशी केंद्रकाभोवती बारीक चमकदार मणी. नसतील तर आठव्या दिवसाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

## टप्पा ७: थेंब मोजणं

१० टक्के फॉर्मलिनमध्ये तासभर. पाण्याने धुवा, ६० टक्के आयसोप्रोपॅनॉल फिरवा, वेल पूर्ण कोरडी होऊ द्या. ऑइल रेड ओचा स्टॉक सहा भाग, पाणी चार भाग. वीस मिनिटं थांबून गाळा, मगच घाला. न गाळता घातलं तर लाल कचरा थेंबांच्या जागी मोजला जातो. दहा मिनिटांनी पाण्याने चारदा धुवा, फोटो घ्या, मग १०० टक्के आयसोप्रोपॅनॉलने रंग उतरवून ५२० नॅनोमीटरच्या आसपास वाचा.

आकडा डीएनए किंवा पेशींच्या संख्येने भागल्याशिवाय लिहू नका. हार्मोनने पेशी जास्त झाल्या असतील तर एकूण लाल वाढेल, पण पेशीमागची चरबी तीच असेल. आणि ऑइल रेड ओ फक्त तेल सांगतं. भिन्नीकरण म्हणायला पीपीएआर-गॅमा, एफएबीपी४, अ‍ॅडिपोनेक्टिन यांचा आरएनए हवा. संदर्भ जीन म्हणून जीएपीडीएच घेऊ नका, ते या प्रवासात स्वतःच हलतं, ३६बी४ बरं.

## टप्पा ८: रिसेप्टरचं वाचन

वेस्टर्न ब्लॉटमध्ये हमखास उलटा अर्थ काढला जातो. इस्ट्राडायॉल बसलं की ईआर-अल्फा काम करतो आणि काही तासांत मोडला जातो, म्हणून पट्टी *फिकी* होते. फिकी पट्टी म्हणजे रिसेप्टर सुस्त, असं नाही. अँड्रोजेन रिसेप्टरचं नेमकं उलट: अँड्रोजेन त्याला टिकवतं, पट्टी *गडद* होते. दोन्ही पट्ट्या एकाच नियमाने वाचल्या की निकाल उलटा होतो. काम मोजायचं तर ल्युसिफरेज रिपोर्टर किंवा लक्ष्य जीनचा आरएनए मोजा, प्रथिनाचं प्रमाण त्याच्या जोडीला ठेवा.

ईआर-अल्फा ६६ किलोडाल्टनजवळ, अँड्रोजेन रिसेप्टर ११० जवळ. तुलनेसाठी शेजारी एमसीएफ-७ आणि एलएनकॅप (प्रोस्टेट कर्करोगाच्या) पेशींचा अर्क चालवा. ईआर-बीटाच्या अँटिबॉडीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २०१७ मध्ये १३ अँटिबॉडी काटेकोर तपासल्या गेल्या, तेव्हा ऊतींच्या रंगकामात खरोखर ईआर-बीटाच ओळखणारी एकच निघाली.

## टप्पा ९: चरबी सुटणं, आणि पेशी बदलण्याची वेळ

चौथ्या खिडकीसाठी तयार पेशींना २४ तास हार्मोन द्या, मग २ टक्के मेदाम्लरहित अल्ब्युमिन असलेल्या रंगविरहित बफरमध्ये चरबी सोडवणारं आयसोप्रोटेरेनॉल १ मायक्रोमोलर, तास-दोन तास. ते त्याच दिवशी ताजं करा. गुलाबी झालं की फेकून द्या. बाहेर आलेलं ग्लिसरॉल मोजा. मेदाम्लं पेशी परत ओढून घेते, ग्लिसरॉल जवळजवळ घेत नाही. आणि लक्षात ठेवा, स्टेरॉइड तेलात विरघळतं: थेंबांनी भरलेली पेशी हार्मोन साठवते, त्यामुळे दोनदा धुतल्यावर ते ‘निघून गेलं’ असं धरू नका.

आता अल्फा-२ रिसेप्टर. मानवी त्वचेखालच्या चरबीत इस्ट्रोजेन अल्फा-२ए अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टर वाढवतं आणि त्यामुळे अ‍ॅड्रेनलिन आलं तरी तिथली चरबी सहज सुटत नाही. पोटाच्या आतल्या चरबीत तसं होत नाही. हा प्रश्न घेऊन ३टी३-एल१ वर बसू नका. उंदराच्या चरबीपेशीत अल्फा-२ फार थोडे आणि चरबी सोडवणारे बीटा-३ भरपूर. माणसात चित्र उलटं. इथे मानवी पूर्व-चरबीपेशीच लागतात. म्हणजे संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, आणि प्रत्येक नमुन्यासाठी लिंग, वय, रजोनिवृत्तीची स्थिती, चरबी कुठून काढली ही नोंद. स्त्री-पुरुषांचे नमुने ‘पेशी कमी पडल्या’ म्हणून एकत्र करू नका.

चर्चेत उंदरांचा दाखला देतानाही जपून. ईआर-अल्फा नसलेल्या उंदरांत नर-मादी दोघांतही पांढरी चरबी वाढते, पण त्यांचा ऊर्जाखर्चही घटलेला असतो. ते सगळं चरबीपेशीच्या खात्यावर लिहिता येत नाही.

शेवटी ग्राफ काढताना: एका प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे एन = ३ नव्हे, तो एन = १. तीन वेगवेगळ्या दिवशी वितळवलेल्या तीन व्हायल्स हव्यात, आणि मानवी पेशी असतील तर तीन वेगवेगळ्या व्यक्ती.